सातव्या फर्म्याच्या शेवटी

थांबाताई पुस्तकबांधणीच्या कारखान्यात आली ती बदली म्हणून. थोरली बहीण तिथं कामाला होती. तिचे दिवस भरत आले तेव्हा ती मालकांना म्हणाली, "तीन महिने माझ्या धाकटीला घ्या. मी आले की ती जाईल." बहिणीला जुळं झालं, बहीण काही परत फिरकली नाही, आणि धाकटीनं तीन महिन्यांची अडतीस वर्षं केली. पुढं कुणी विचारलं की ती म्हणायची, "मी अजून बदलीवरच आहे हो, कायम कुणी केलंय मला?"

तिचं काम फर्मे जुळवायचं. छापखान्यातून मोठमोठे छापील कागद येत. एका कागदाला नीट घड्या घातल्या की सोळा पानं होतात, त्याला म्हणायचं फर्मा. असे अठरा-वीस फर्मे एकावर एक ठेवले की पुस्तक. लांबलचक टेबलावर फर्म्यांचे गठ्ठे ओळीनं मांडलेले असत, पहिला, दुसरा, तिसरा असे. ती टेबलाच्या कडेनं चालत जायची, प्रत्येक गठ्ठ्यावरचा एकेक फर्मा उचलायची, टोकाला पोचली की हातात एक अख्खं पुस्तक. की परत पहिल्यापासून. प्रत्येक फर्म्याच्या कण्यावर एक काळा चौकोन छापलेला असतो, दर फर्म्याला थोडा खाली सरकलेला. सगळे बरोबर जुळले की कण्यावर जिन्यासारखी उतरती रांग दिसते. एखादी पायरी नसली की समजायचं, घोळ आहे. अडतीस वर्षांत त्या टेबलाच्या कडेनं ती इतकी चालली, की सरळ रस्त्यानं गेली असती तर समुद्र लागला असता.

आणि तरी ती म्हणे, आपण जगभर हिंडलो. त्याला कारण तीन ते चारचं वाचन.

हे वाचन कुणी सुरू केलं ते कुणालाच सांगता येत नसे. दुपारी तीन वाजले की मास्तरीणबाई उंच स्टुलावर बसायची आणि घडी घातलेला एक फर्मा मोठ्यानं वाचायची. ती काही मास्तरीण नव्हती. बाकीच्यांपेक्षा चार इयत्ता जास्त शिकली होती आणि आवाज खणखणीत होता, एवढंच. त्या तासात तिच्या वाटच्या घड्या बाकीच्या आठजणी वाटून घेत. हात चालू, कान मोकळे. बांधायला जे पुस्तक येई ते वाचायचं, निवड करायला आपण कोण? त्यामुळं स्वयंपाकाचं पुस्तक संपलं की ग्रहगोल, ग्रहगोल संपले की कायदा, मग मधमाश्या, मग माणसाचे हक्क. मोठमोठे विचार जगात कसे पसरतात यावर विद्वान लोक व्याख्यानं देतात, त्यांना देऊ द्यावीत. मला विचाराल तर ते खळीनं चिकट झालेल्या बोटांच्या बायकांमार्फत पसरतात, आणि संध्याकाळी सहा वाजता घरोघर पोचतात.

थांबाताईच्या घरी तर नक्कीच पोचत. सूक्ष्म जंतूंचा फर्मा वाचला त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला दारातच अडवून हात धुवायला पाठवलं. सगळ्या प्राण्यांचे पूर्वज पाण्यातून आले हे ऐकलं तेव्हा ती आठवडाभर सासरच्या माणसांची तोंडं न्याहाळत होती. आणि घरकाम हेही श्रमच आहेत असं ऐकून आली, तेव्हा जेवण झाल्यावर तिनं भांडी नवऱ्यापुढं सरकवली. नवरा गोदामाचा राखणदार, स्वभावानं गरीब. त्यानं भांड्यांकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं आणि विचारलं, "हे कितव्या फर्म्यात आलं?"

"अकराव्या."

"एकंदर किती आहेत?"

"वीस."

तो बिचारा सुस्कारा टाकून उठला. पण उठला, हे महत्त्वाचं. त्यांची लेक हे सगळं बघतच मोठी झाली.

तिचं 'थांबाताई' हे नाव वाचनातच पडलं. शाळा चौथीत सुटलेली, त्यामुळं न कळलेली गोष्ट कळल्यासारखी मान डोलवायची सवय तिला लागलीच नव्हती. मास्तरीणबाई रंगात आली की हिचा हात वर. "थांबा जरा. हे असं का?" सगळ्या वैतागायच्या. मग सगळ्यांनाच प्रश्न पडायचा की खरंच, हे असं का?

वाचनाचे नियम दोन. पहिला बायकांनी केलेला: पुढं डोकवायचं नाही. फर्मा काही विचार संपला म्हणून संपत नाही, कागद संपला म्हणून संपतो. वाक्य अर्ध्यात तुटतं. ते तुटलं की दुसऱ्या दिवशीच्या तीन वाजेपर्यंत पुढं काय असेल यावर भांडायचं, पण पुढचा फर्मा उलगडून बघायचा नाही. सगळी मजा त्या भांडणात होती. दुसरा नियम मालकांचा. ते काचेच्या खोलीत बसत. त्यांनी एकदाच सांगून ठेवलं होतं, "वाचा. पण ज्या दिवशी वाचनापायी पुस्तक चुकेल, त्या दिवसापासून वाचन बंद."

वर्षानुवर्षं चुकलं नाही. आणि मग चुकलं, तेही थांबाताईच्याच हातून.

तेव्हा 'लोकांचं राज्य' या विषयावरचं एक जाडजूड पुस्तक बांधायला आलं होतं. दोन हजार प्रती. सहाव्या फर्म्यात मतदान होतं, आणि त्या फर्म्यानं बायकांना नुसतं वेड लावलं होतं. राजा असो की हमाल, प्रत्येकाचं मत एक! चहा आत्ता घ्यायचा की पाचला, खिडकी उघडायची की लावायची, सगळ्यावर मतदान. कापलेल्या कागदांच्या पट्ट्यांवर फुली किंवा गोल. सातवा फर्मा वाचून संपला तो या वाक्यावर: 'बहुमताने कोणताही निर्णय घेता येतो, मात्र' आणि कागद संपला.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईचा घसा बसला. साधासुधा नाही, तोंडातून नुसती हवा. वाचनाचा मान तिचा, तेव्हा ती बरी होईस्तोवर थांबायचं असं ठरलं, अर्थात मतदानानं. सहा दिवस ते 'मात्र' हवेत लटकत राहिलं. मात्र काय? शिलाईवरची एक तिखट जिभेची बाई होती. लग्न केलं नव्हतं, पण सगळ्यांवर सासुरवास करायची म्हणून तिला 'सासूबाई' म्हणत. ती म्हणाली, "मात्र बायकांना विचारू नये, असंच असणार. पुस्तक पुरुषानं लिहिलंय." कुणी म्हणालं, मात्र पैसेवाल्यांचं चालतं. कुणी काही, कुणी काही.

इकडं जुळवणी तर थांबून चालणार नव्हती. थांबाताई टेबलाच्या कडेनं चालत होती आणि प्रत्येक फेरीत आठव्या गठ्ठ्याशी पोचत होती. आणि त्या वाक्याचं पुढचं टोक आठव्या फर्म्याच्या अगदी पहिल्याच ओळीत, वरच, डोळ्यांसमोर! नियम म्हणजे नियम. ती आठव्याशी आली की मान वळवायची, खिडकीकडं बघत हातानं चाचपून फर्मा उचलायची. गठ्ठा संपला की नवा आणतानाही तसंच. देवाची शपथ घेऊन सांगावं इतक्या प्रामाणिकपणे तिनं ते पान पाहिलं नाही.

सातव्या दिवशी सकाळी सातवा फर्मा संपला. बाकी सगळ्यांचे शंभर शंभर उरले होते, आणि आठव्याचे दोनशे. न बघता तिनं आठव्याच्या जागी सातव्याचा एक गठ्ठा आणून ठेवला होता. म्हणजे शंभर पुस्तकांत सातवा दोनदा आणि आठवा नाहीच. ती पुस्तकं शिवून झाली होती, कापूनही झाली होती, आणि एकोणीसशेच्या थप्प्यांत कुठंतरी मिसळून गेली होती.

कापायच्या आधी कण्यावरचा जिना तपासायचं काम कटिंगवाल्या मामांचं. मामा म्हातारे, कमी बोलणारे, वीस-बावीस वर्षं त्याच यंत्रावर. पण थांबाताईच्या हातची थप्पी आली की ते बघत नसत. "तिनं जुळवलंय ना? मग बघायचं काय?" म्हणायचे. तिला या गोष्टीचा केवढा अभिमान होता! आता तोच गळ्याशी आला.

डबा खायच्या सुट्टीत तिनं सगळ्यांना सांगितलं. मग सासूबाई म्हणाली, "मालकांना कळलं तर वाचन गेलं. छापखान्यानं सातवे कमी पाठवले म्हणून सांगू, विषय संपला."

"आणि चुकलेली पुस्तकं परत आली तर?"

"तर जिना कुणी बघायचा होता? मामांनी. त्यांचं एक वर्ष राहिलंय. फार तर आधी घरी बसवतील. एका माणसाचं एक वर्ष की नऊजणींचं वाचन? करा मतदान."

पट्ट्या वाटल्या. मास्तरीणबाई हात हलवून काहीतरी सांगू बघत होती, पण घशातून आवाज येईना. तिनं पट्टीवर पेन्सिलीनं लिहून पुढं केलं: 'मामांना विचारलं का?' सासूबाईनं ती पट्टी बाजूला ठेवली, कारण तिच्यावर फुलीही नव्हती आणि गोलही नव्हता. गप्प बसावं या बाजूनं आठ मतं पडली. त्या आठांतलं एक थांबाताईचं होतं. हे तिनं कधी लपवलं नाही. उलट ही गोष्ट सांगताना ती नेमकं हेच आधी सांगायची. "गोल काढला आणि मला इतकं हायसं वाटलं, म्हणून सांगू!" असं.

तीन वाजता सवयीनं मामा बाहेर आले. वाचनाच्या तासाला ते दाराशी कागदाच्या गठ्ठ्यावर बसत आणि चार वाजता न बोलता उठून जात. आज मात्र बसल्या बसल्या म्हणाले, "घसा उघडला का पोरीचा?"

मास्तरीणबाईनं मान हलवली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

"सहा दिवस झोप नाही मला त्या वाक्यापायी," मामा म्हणाले. "एक सुचलंय, सांगू का? हसू नका. बहुमतानं कोणताही निर्णय घेता येतो, मात्र ज्याचं नुकसान होणार तो माणूस समोर बसलेला पाहिजे. त्याच्या तोंडाकडं बघून हात वर करता आला, तर करा." मग ते ओशाळून हसले. "पुस्तकात काहीतरी भारी असेल म्हणा. मी आपलं माझं सांगितलं."

हाडाच्या पट्ट्यांनी घड्या दाबायचा आवाज सगळीकडून एकदम थांबला. मामांना वाटलं आपण काहीतरी मूर्खासारखं बोललो. ते उठायला लागले.

"थांबा," थांबाताई म्हणाली. ती टेबलामागून बाहेर आली, हात पुसले आणि सरळ काचेच्या खोलीकडं चालू लागली. सासूबाईनं तिचा दंड धरला. "मतदान झालंय!" ती दबक्या आवाजात म्हणाली. थांबाताईनं तिचा हात हळूच सोडवला. पाय चालत होते, एवढंच तिला कळत होतं.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. किती पुस्तकं, कोणता फर्मा, कसं झालं. न बघता का उचलत होतीस, असं विचारल्यावर तिनं तेही सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरची कात्री इकडून तिकडं सरकवत राहिले.

"मामांनी जिना बघितला नाही?"

"माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी, मालक. चूक माझी आहे."

एवढ्यात मामा दारात येऊन उभे राहिले. "बघायला मीच हवा होता," ते म्हणाले. "अर्धी माझी."

मालक म्हणाले, "कामावरून कुणी जाणार नाही. पण ठरलं होतं ते ठरलं होतं. वाचन बंद."

ते तीन दिवस थांबाताईला फार जड गेले. तीन वाजले की कारखान्यात नुसता कागदाचा आवाज. कुणी तिला टाकून बोललं नाही, पण कुणी बोललंच नाही. सासूबाई तर पाठ करून बसायची. घरी नवऱ्यानं विचारलं, "आज काय आलं?" तिला रडू फुटलं. तो बिचारा उठून भांडी घासायला गेला. लेक जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, तू गप्प बसली असतीस तर उद्यापासून कुठल्या तोंडानं ऐकलं असतंस?" लेकीला हे कुणी शिकवलं, असा तिला प्रश्न पडला. मग तिला आठवलं की रोज संध्याकाळी आपणच तर शिकवत होतो.

रविवारी सकाळी ती आणि मामा पुस्तकं निवडायला कारखान्यात गेली. सुट्टीच्या दिवशी, आपणहून. कणा अजून उघडा होता म्हणून बरं, नाहीतर पुठ्ठे फाडावे लागले असते. एकेक पुस्तक उचलायचं, जिना बघायचा. दोन तासांत अठ्ठावीस सापडली. इतक्यात दारात चपला वाजल्या. मास्तरीणबाई आली. मग अजून दोघी. मग चौघी. सगळ्यात शेवटी सासूबाई, दोरा आणि सुया घेऊन. "बघता काय? शंभर पुस्तकं उसवून परत शिवायचीत, ती काय तुम्ही दोघं शिवणार? तुझा टाका मला माहीत आहे," ती थांबाताईला म्हणाली. तीन दिवसांनी कुणीतरी खेकसलं, याचं थांबाताईला केवढं सुख वाटलं!

जादा सातवा काढायचा, आठवा बसवायचा, परत शिवायचं. काढलेल्या सातव्यांतून उरलेली शंभर पुस्तकंही पुरी व्हायची होती. मामांना ती दोनशे पुस्तकं पुन्हा यंत्राखाली घालून कडेनं जराशी कापून सारखी करावी लागणार होती. त्यामुळं ती दोनशे बाकीच्यांपेक्षा गव्हाच्या दाण्याएवढी बुटकी झाली. कुणाच्या लक्षात येणार नाही, पण बांधणाऱ्याला लगेच ओळखू येतात.

अकराच्या सुमारास मालक आले. कुलूप कुणी उघडलं ते बघायला आलो, असं म्हणाले. किल्ली मामांकडंच असते हे त्यांना ठाऊक नव्हतं की काय! ते थोडा वेळ बायकांचे हात बघत उभे राहिले. मग खिशातून चष्मा काढला आणि थप्पीवरचा आठवा फर्मा उचलून उंच स्टुलावर बसले.

"वाचन बंद आहे ना, मालक?" सासूबाईनं विचारलं. गप्प बसेल तर ती कसली!

"तुमचं बंद आहे. मी वाचायचं नाही असं कुठं ठरलं होतं?" मालक म्हणाले आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. "रोज तीन ते चार माझ्या खोलीचं दार उघडं का असतं, असं वाटलं तुम्हाला? वाऱ्यासाठी? दहा दिवस झाले, मात्र काय, मात्र काय, डोकं फिरायची वेळ आली."

"मग तुम्ही बघितलं नाही?" थांबाताईनं विचारलं. "फर्मा तर तुमच्या हाताशीच होता."

"पुढं डोकवायचं नाही ना?" मालक म्हणाले.

त्यांनी घसा खाकरला. सुया थांबल्या. मामा यंत्रापासून दोन पावलं पुढं आले. मालकांनी मागचं वाक्य आधी म्हटलं आणि मग आठव्या फर्म्याची पहिली ओळ वाचली:

"'बहुमताने कोणताही निर्णय घेता येतो, मात्र या प्रश्नाचा विचार आपण पुढील प्रकरणात करू.'"

मग पहिल्यांदा मास्तरीणबाई हसली, बसक्या घशानं, बिघडलेल्या भोंग्यासारखी. मग जी काही हसाहस झाली, की सासूबाईच्या सुईतून दोरा निसटला आणि मालकांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. दहा दिवस झोप उडवून घेतली, शंभर पुस्तकं चुकवली, माणसं तुटायची वेळ आली, आणि पुस्तकवाल्याला घाईच नव्हती!

"पुढच्या प्रकरणात मामांचंच असणार," थांबाताई म्हणाली.

मालकांनी पुढचं प्रकरण वाचलं. चांगलं होतं. लांब होतं. पण सगळ्यांचं मत पडलं, आणि ते मामांच्या देखत पडलं, की मामांचं वाक्य जास्त चांगलं. दहा विरुद्ध एक. विरुद्ध मत मामांचं स्वतःचं. सोमवारी तीन वाजता मालकांच्या खोलीचं दार उघडं दिसलं आणि मास्तरीणबाई कुणाला न विचारता स्टुलावर चढली.

मामा वर्षानं मानानं निवृत्त झाले. जाताना त्यांनी थांबाताईला त्या दोनशेपैकी एक बुटकं पुस्तक दिलं. सातव्या आणि आठव्या फर्म्याच्या मध्ये त्यांनी एक कोरा कागद चिकटवला होता आणि त्यावर वेड्यावाकड्या अक्षरात आपलं वाक्य पेन्सिलीनं लिहिलं होतं. तिनं ते वर्षानुवर्षं जपलं. लेकीचं शिक्षण पुढं चालू ठेवायचं की नाही, यावर घरातली वडीलधारी माणसं एकदा ठरवायला बसली होती, तेव्हा तिनं ते पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं आणि लेकीला आतून बोलावून मध्ये बसवलं. त्या दिवशी कुणाचाच हात वर गेला नाही. लेक शिकली.

थांबाताईच्या निरोपाच्या दिवशी स्टुलावर एक नवी मुलगी बसत होती. मास्तरीणबाई, सासूबाई, मालक सगळे कधीच गेले होते. सगळ्यांनी थांबाताईला दोन शब्द बोलायला सांगितलं. "मी चौथी शिकले," ती म्हणाली. "बाकीचं सगळं या टेबलानं शिकवलं. जगातल्या मोठ्या माणसांनी काय काय विचार केला ते मला घरी बसून कळलं असतं का? आणि त्याहून मोठं कोण असतं, तेही मला इथंच दिसलं. मी कुणाकुणाचे आभार मानू?" मग तिनं पिशवीतून ते बुटकं पुस्तक काढलं. सातव्या फर्म्यानंतरची सगळी पानं तिनं दोऱ्यानं घट्ट बांधून आणली होती. "हे कारखान्याला. आज सातवा वाचा. पुढं डोकवायचं नाही."

मुलीनं वाचलं. 'मात्र'पाशी कागद संपला. थांबाताईचा हात सवयीनं वर गेला होता, तो तिनं तसाच खाली घेतला आणि चपला घालून निघाली. ती जिन्याच्या मधल्या पायरीवर असेल नसेल, तोच वरून आरडाओरडा सुरू झाला. "मात्र काय? अगं, मात्र काय?" एकीचं एक, दुसरीचं दुसरं, आणि मध्येच कुणाचा तरी कोवळा आवाज: "थांबा जरा!"

ती कठड्याला धरून उभी राहिली आणि ऐकत राहिली.